‘ऑर्डर’ला मराठीत काय म्हणायचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महिन्यापूर्वी संयोजकांचा फोन आला. प्रत्येकानं आपल्या कामाविषयी दहा-पंधरा मिनिटं बोलायचं, असं ठरलंय म्हणाले. मी म्हटलं, अरे, डॉक्टर झालेत, वकील झालेत, दोघं-तिघं तर सैन्यातून निवृत्त होऊन आलेत. त्यांना बोलू द्या. मी पुण्यात बसून संगणकाच्या पडद्याकडे बघत असते, त्यात सांगण्यासारखं काय? तिकडून उत्तर आलं, “काहीही सांग, पण इंग्रजी कमी बोल. मागच्या बाकावरच्यांना तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळणार नाही.”

म्हणून मी आज एकच इंग्रजी शब्द घेऊन आले आहे. तो मागच्या बाकावरच्यांनाही पाठ आहे. तो शब्द म्हणजे ऑर्डर.

बघा किती ठिकाणी भेटतो. आपल्यातल्या कितीतरी घरांत मुंबईहून मनीऑर्डर यायची. सिनेमातला न्यायाधीश हातोडा आपटून ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणायचा. हॉटेलात ऑर्डर द्यायची, बदलीची ऑर्डर यायची, लिफ्टवर ‘आउट ऑफ ऑर्डर’ची पाटी लागायची. उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं की पी.टी.चे सर म्हणायचे, ऑर्डर मोडू नका. आणि कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गावात एकच चौकशी असायची, “तुमची ऑर्डर आली का?” ती ऊसतोडीची.

आता मला सांगा, या शब्दाला मराठीत काय म्हणायचं? हुकूम? क्रम? मागणी? सुव्यवस्था? आपले इंग्रजीचे सर असा प्रश्न आला की फळ्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि विचारायचे, “कोण म्हणतंय? कुणाला म्हणतंय? कुठं उभं राहून म्हणतंय?” तर्खडकरांच्या भाषांतरमालेतलं वाक्य असो की पाठ्यपुस्तकातलं, या तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय ते पेन उचलू द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, सर तास काढतात. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून कबूल करते. मला ते तीन प्रश्न नीट कळायला पंचवीस वर्षं लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरली. तीच गोष्ट सांगायला उभी आहे.

दहावीनंतर बारावी झाली आणि इथल्याच तात्यासाहेब कोरे अभियांत्रिकी महाविद्यालयातून मी पदवी घेतली. १९९८ साल आठवतंय का तुम्हाला? त्या वर्षी केंद्र सरकारच्या पुढाकारानं ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली, आपल्या परिसरातली सत्तर गावं त्यात होती. गावागावांत संगणक बसले. उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी, वजनाचा आकडा गावातच मिळू लागला. मी तेव्हा नुकतीच इंजिनिअरिंगला गेले होते. आमच्या आबांनी त्या खोलीत जाऊन आपल्या उसाची नोंद पडद्यावर बघितली आणि घरी येऊन आईला म्हणाले, “आपलं नाव मराठीत आलंय.” उसाच्या वजनापेक्षा त्यांना त्याचंच अप्रूप जास्त होतं. मला वाटतं, संगणकावर मराठी उमटवायचं काम करावं, हे माझ्या डोक्यात त्या संध्याकाळी शिरलं. पुढं काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी इथल्याच सात गावांत त्या संगणकांऐवजी साध्या मोबाइलवर लघुसंदेशानं हीच माहिती देऊन पाहिली. तो प्रयोग जगभर अभ्यासला गेला. म्हणजे शेतकरी आणि पडदा यांच्यामध्ये काय होतं, हे शिकायला मला वारणेच्या बाहेर जायची गरज नव्हती. तरी मी शिकले मेक्सिकोकडून.

ते असं झालं. मी ज्या कंपनीत होते, तिथं साखर कारखान्यांसाठी एक प्रणाली तयार होत होती. उसाची नोंद, तोडणी, वाहतूक, वजन, बिल, सगळं तिच्यात होतं. पहिलं गिऱ्हाईक मेक्सिकोचं. तिथं वेराक्रूझ नावाचं राज्य आहे, त्या देशातला सगळ्यात जास्त ऊस तिथं पिकतो. गळीत हंगामाला ते लोक ‘साफ्रा’ म्हणतात, आणि साखर कारखान्याला ‘इन्हेनिओ’. गंमत अशी, की स्पॅनिशमध्ये इन्हेनिओ म्हणजे बुद्धीची चमकही. इंग्रजीतला इंजिनिअर हा शब्द त्याच लॅटिन मुळातून आलेला. म्हणजे कारखान्याच्या गावची पोर इंजिनिअर झाली, यात स्पॅनिश माणसाला काही नवल वाटणार नाही.

अशा प्रणालीचं भाषांतर कसं होतं, ते थोडक्यात सांगते. पडद्यावर जेवढे शब्द दिसतात, ते सगळे काढून एका तक्त्यात मांडतात. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं रिकामी चौकट. एकच शब्द दहा पडद्यांवर आला, तरी तक्त्यात त्याची ओळ एकच ठेवतात, कारण भाषांतराचे पैसे शब्दावर असतात आणि वेळही वाचतो. भाषांतर करणाऱ्याला पडदा दिसत नाही, बटण दिसत नाही, वापरणारा माणूस दिसत नाही. त्याला फक्त तक्ता दिसतो. असा सुमारे दोन हजार ओळींचा तक्ता मी तयार करून स्पॅनिश भाषांतरासाठी पाठवला. तिकडं वेराक्रूझचीच एक बाई ते काम करत होती.

आठ दिवसांत तक्ता परत आला. सगळा भरलेला, एक ओळ सोडून. ‘ऑर्डर’च्या पुढं तिनं प्रश्न लिहिला होता : “कुठली? एल ओर्देन, ला ओर्देन, की पेदीदो?”

मी जरा वैतागूनच उत्तर दिलं, की शब्द एकच आहे, जो योग्य वाटेल तो लिहा. ती बाई काही हलली नाही. तिनं मला पानभर समजावून लिहिलं. स्पॅनिशमध्ये ओर्देन हा शब्द पुल्लिंगी वापरला तर त्याचा अर्थ क्रम, मांडणी, व्यवस्था. तोच स्त्रीलिंगी वापरला तर हुकूम. आणि दुकानातून माल मागवायचा, तर सरळ वेगळाच शब्द, पेदीदो. काही देशांत जेवणाच्या ऑर्डरलाही स्त्रीलिंगी ओर्देन म्हणतात, ते आणखी निराळं. ऊसतोडीचं पत्र म्हणजे ‘ला ओर्देन दे कोर्ते’, तोडीचा हुकूम. पण यादीत शेतकऱ्याचा कितवा नंबर आहे, ते सांगायचं असेल तर तिथं ‘ला’ चालणार नाही. शेवटी तिनं लिहिलं होतं, की ‘ला’ लिहिलं तर माझ्या वडिलांसारखा माणूस कोयता घेऊन शेतात जाईल.

मला तेव्हा हे फार ताणल्यासारखं वाटलं. एवढ्याशा लिंगानं एवढा फरक? मग एक दिवस बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की आपणही रोज हेच करतो. ‘माझा वेळ गेला’ आणि ‘माझी वेळ आली’. शब्द तोच, वेळ. पुल्लिंगी केला की तास-दीड तास, स्त्रीलिंगी केला की प्रसंग. ‘तुझा वेळ आला’ असं कुणी म्हणत नाही, आणि ‘त्याची वेळ आली’ म्हटलं तर ऐकणारा दचकतो. तो माळ आणि ती माळ यांतला फरक आपल्या शाळेच्या पोरांना कुणी शिकवावा लागला नाही. गळ्यात हार पडला तर आनंद, गळ्यात हार पडली तर दुःख. इंग्रजीला यातलं काही दिसत नाही. इंग्रजीला दोन्ही वेळ म्हणजे टाइम. त्या भाषेचा दोष नाही तो. तिची घडीच तशी. पण तिच्यातून आपल्याकडं येताना उंबऱ्यावर थांबून विचारावं लागतं, की बाई, तू नक्की कोण?

असो. स्पॅनिशसाठी मी ती एक ओळ फोडून तीन केल्या. यादीतला क्रम, तोडीचं पत्र आणि खताची मागणी. काम झालं, वेराक्रूझची बाई खूश, मेक्सिकोतला हंगाम पार पडला.

दोन वर्षांनी तीच प्रणाली महाराष्ट्रातल्या एका कारखान्यानं घेतली. आपल्या भागातला नव्हे, लांबच्या जिल्ह्यातला. मराठी कोण करणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले. मीही छाती फुगवून म्हटलं, बाहेर कशाला द्यायचं? मी मराठी माध्यमातली, त्यातून ऊसवाल्याची पोर. एका शनिवारी-रविवारी करून टाकते.

केलंही. आणि चूक तिथंच झाली. मराठीचा तक्ता जुन्या प्रतीवरून निघाला होता, फोडायच्या आधीच्या. त्यात ‘ऑर्डर’ची ओळ पुन्हा एकच होती. रविवारी रात्री अकरा वाजता ती माझ्यासमोर आली. मी ‘आदेश’ लिहिलं आणि पुढं गेले. वेराक्रूझच्या बाईनं थांबून विचारलं होतं, कारण तिला ठाऊक होतं की आपल्याला पडदा दिसत नाही. मी विचारलं नाही, कारण मला वाटत होतं की मला सगळं ठाऊक आहे.

हंगाम सुरू झाला. पहिल्यांदा आलेली तक्रार गमतीची होती. खत मागवायच्या पडद्यावर युरियाच्या पोत्याचं चित्र आणि खाली बटण, ‘आदेश द्या’. कुणीतरी गट ऑफिसात विचारलं म्हणे, “युरियाला आदेश द्यायचा, का युरियाला हात जोडायचे?” आम्ही ऑफिसात खूप हसलो. ते बटण बदललं, ‘मागणी नोंदवा’ केलं, आणि विषय संपला असं समजून चाललो.

जानेवारीत मी आढाव्यासाठी त्या भागात गेले. गट ऑफिसच्या पायरीवर साठीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, त्यातला संदेश माझ्यासमोर धरला. नोव्हेंबरमधला होता. “नोंद पूर्ण. आदेश : २१४.”

तुमच्या लक्षात आलं असेल. त्याचा अर्थ होता, लागणीच्या तारखेप्रमाणं तुमचा नंबर दोनशे चौदावा. त्यांनी वाचलं ते असं, की तोडणीचा आदेश निघाला, आदेशाचा क्रमांक २१४. कारण तोडीच्या पत्रावरही वर ‘आदेश’च छापलेलं असायचं. तिथं तो शब्द बरोबर होता, म्हणूनच इथं घात झाला.

आपण सगळे या भागातले आहोत, पुढचं मी सांगायची गरज नाही. तोड जवळ आली की आपण उसाचं पाणी बंद करतो. रान वाळलं पाहिजे, गाडी आत गेली पाहिजे, साखरही भरते. त्यांनी पाणी तोडलं. उपसा योजनेतली आपली पाण्याची पाळी शेजाऱ्याला देऊन टाकली. टोळीची वाट बघत बसले. तीन आठवड्यांनी चिटबॉयला गाठलं, तर तो म्हणाला, तुमचा नंबर संक्रांतीनंतर. तोपर्यंत पाण्याची पाळी हातची गेलेली, पुढची मिळायला आणखी दोन-तीन आठवडे. माळाची हलकी जमीन. ऊस वाळला. एकरी चार-पाच टनांचा फटका बसला असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं बोलणारे दिसत नव्हते.

ते चिडलेले नव्हते, याचा मला जास्त त्रास झाला. एवढंच म्हणाले, “तुमच्याच मशिनीनं आदेश दिला. आदेश म्हणजे आदेश. आमी कोण इचारणार?”

मी म्हटलं, “काका, तो शब्द मी लिहिला होता. चूक माझी आहे.”

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. “मग लिवायच्या आधी एखाद्या ऊसवाल्याला तरी इचारायचं, बाई.”

मी ऊसवाल्याचीच मुलगी आहे, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते बोलले नाही.

पुढं काय झालं, ते तुम्ही विचाराल म्हणून सांगते. भरपाई झाली नाही. मोबाइलचा संदेश म्हणजे अधिकृत पत्र नव्हे, असं त्यांना सांगण्यात आलं, आणि नियमानं ते बरोबरही होतं. मी माझ्या वरिष्ठांना लेखी कळवलं की चूक भाषांतराची आहे आणि भाषांतर माझं आहे. शब्द दोन दिवसांत बदलला गेला. पण दोन दिवसांत शब्द बदलतो, ऊस पुन्हा उभा राहत नाही.

वैद्यकीय क्षेत्रातलं याहून भयंकर उदाहरण मी नंतर वाचलं. १९८० साली अमेरिकेत, फ्लोरिडात, अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात नेलं. घरचे लोक स्पॅनिश बोलणारे. त्यांनी ‘इन्तोक्सिकादो’ असा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी त्याच्यासारखाच दिसणारा इंग्रजी शब्द धरला आणि नशेचे उपचार सुरू केले. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. जीव वाचला, पण हातपाय कायमचे गेले. त्या खटल्यात जी रक्कम ठरली ती काही कोटी डॉलरांची होती. तिथंही कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी आळसही केला नव्हता. सगळ्यांना वाटत होतं, की शब्द आपल्याला कळला. आपल्यातल्या डॉक्टर मंडळींना माझी विनंती आहे, पेशंटनं ‘चक्कर’ म्हटलं की आणखी एक प्रश्न विचारा. आपल्याकडं डोळ्यांपुढं अंधारी आली तरी चक्कर, आणि घर फिरल्यासारखं वाटलं तरी चक्करच.

त्या जानेवारीत परत जाताना मी दोन दिवस घरी आले. आबांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं उठून कोनाड्यातली जुनी कापडी पिशवी घेऊन आले. तीत वर्षावर्षांच्या चिठ्ठ्या रबर लावून ठेवलेल्या. वजनाच्या वेगळ्या, तोडीच्या वेगळ्या, सोसायटीच्या वेगळ्या, खताच्या वेगळ्या. मी विचारलं, आबा, या सगळ्या एकत्र का नाही ठेवत? म्हणाले, “एकात ठेवल्या तर कुठला कागद कशाचा, कसं कळंल?”

ज्या तक्त्यानं माझा घात केला, त्यात नेमकं हेच नव्हतं. आणि ही काही आबांची एकट्याची शहाणीव नाही. आपण पन्हाळा तालुक्यातले लोक, शिवरायांचं नाव घेतल्याशिवाय आपलं भाषण पुरं होत नाही, तर मीही घेते. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश केला. कारभारातल्या फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायचे होते. पण त्यांनी शब्दांची सरसकट एक यादी केली नाही. दहा वर्ग पाडले. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, बाजारपेठेचा पण्यवर्ग, असे. म्हणजे शब्द हाती आला की आधी त्याचं खातं दिसतं, मग अर्थ. आपल्या राज्याच्या भाषा संचालनालयानंही पुढं एकच एक जाडजूड कोश न करता वेगवेगळ्या विषयांचे वेगळे परिभाषा कोश काढले, ते याच वाटेनं. संगणकातही याची सोय आहे. गेटटेक्स्ट नावाचं भाषांतराचं एक साधन जगभर वापरतात, त्यात प्रत्येक शब्दाशेजारी संदर्भ लिहायला वेगळी जागा असते. जागा असते, आम्ही ती रिकामी सोडतो. सर, तुमच्या तीन प्रश्नांसाठीच ती जागा केलेली आहे.

आता शेवटचा भाग, आणि इथं मुलींनी थोडं हसलं तरी चालेल.

‘आदेश’ काढला, पण त्या जागी काय घालायचं? मी ‘क्रम’ सुचवला. व्याकरणानं अगदी बरोबर. यावेळी मात्र मी गावात जाऊन बसले. पंधरा-वीस शेतकरी होते, त्यात पाच-सहा बायका, ज्यांच्या नावावर ऊस होता. मी तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, “तोड कधी येणार, हे एकमेकांना कसं विचारता?” पुरुष म्हणाले, नंबर. “आमचा नंबर कधी लागतोय?” तेही चांगलं होतं. पण पडद्यावर मोबाइलचा नंबर, गटाचा नंबर, खात्याचा नंबर असे आधीच तीन नंबर होते. चौथा घातला तर पुन्हा तोच गोंधळ. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, “पाळी म्हणा की. पाण्याची पाळी म्हणतो, तशी तोडीची पाळी.”

आणि मी, चाळिशीतली, दोन मुलांची आई, वीस वर्षं नोकरी केलेली बाई, लाजले.

तुम्हाला आठवत असेल. आठवीच्या वर्गात पाढे म्हणायला उभं करताना बाई विचारायच्या, “आता पाळी कुणाची?” आणि मागच्या बाकांवरून खुसखुस सुरू व्हायची. आम्ही मुली माना खाली घालायचो. मागच्या बाकांनो, तुम्ही आज इथं आहात, तुमच्या मुली मोठ्या झाल्या आहेत, म्हणून रागावत नाही. पण त्या खुसखुशीनं माझ्या तोंडातून एक चांगला शब्द कायमचा काढून घेतला होता. घरात आबा पाण्याची पाळी म्हणायचे, कारखान्यात कामगारांच्या तीन पाळ्या असायच्या, भोंगा पाळीचाच वाजायचा, आणि मी मात्र तो शब्द कधी उच्चारला नाही. पहिल्या रविवारी रात्री मला तीन वेगळ्या ओळी मिळाल्या असत्या, तरी ‘पाळी’ मी लिहिला नसता. ‘क्रम’ लिहिला असता, सोवळा, कुणाच्याच न वापरातला.

आज त्या पडद्यावर ‘तोडणीची पाळी : २१४’ असं येतं. ‘पाळी’चेही अनेक अर्थ आहेत, हे मला ठाऊक आहे. पण तिथं उसाच्या शेतात उभं राहून वाचणाऱ्या बाईला त्यातला कुठला, हे सांगावं लागत नाही. आणि कुणी खुसखुसल्याची तक्रार अजून तरी आलेली नाही.

वेराक्रूझच्या त्या बाईला मी हे सगळं कळवलं. ती एकाच ओळीत उत्तरली, की तिच्या वडिलांना गोष्ट वाचून दाखवली आणि त्यांनी विचारलं, त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं? मला तिला लिहिता आलं, की पुढच्या हंगामात त्यांचा ऊस वेळेवर गेला. मी दर वर्षी दिवाळीनंतर त्यांना फोन करते. ते दर वेळी मला आमच्या इकडच्या उसाचा दर विचारतात, आणि फोन ठेवताना म्हणतात, “पाळी कळली बरं का.”

संयोजक घड्याळ दाखवताहेत. माझा वेळ संपला. माझी वेळ संपली असं मात्र समजू नका, जेवणाला मी थांबणार आहे. शिक्षकांना नमस्कार करते. सर, आज घरी गेल्यावर कुणी विचारलं, तर सांगा, त्या पोरीनं तिन्ही प्रश्नांची उत्तरं अखेर लिहून दिली.

आता पाळी कुणाची?